रांगेत काळं चालत नाही

रविवार, ४ जून

टीव्ही मालिकावाल्यांनी ही वही दिली. त्यांची मुख्य बाई मिरेया मानाचं दोन्या लावून म्हणाली, "दोन्या एल्बा, रोज जे दिसेल ते लिहून ठेवा, आमच्या लेखकाला उपयोग होईल." लिहिते, पण वही त्यांच्या हातात देणार नाही. बावीस वर्षं लोकांचे फोन, चाव्या आणि अंगठ्या सांभाळते आहे, त्यात एका वहीचं काय ओझं.

तर आज जे दिसलं ते. पहाटे पाचपासून तुरुंगाच्या फाटकासमोर रांग. जून म्हणजे आमचा हिवाळा, थंडी हाडात शिरणारी. सर्वांत पुढे नेहमीप्रमाणे मूळची तुकुमान प्रांतातली योली, मुलासाठी भाजलेली कोंबडी घेऊन. मागे एक नवी पोरगी, पहिल्यांदाच आलेली, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. फाटकावरून तिला परत पाठवलं. काळं, निळं, करडं, शिपायांच्या गणवेशासारखं काहीच आत चालत नाही, आणि हे आधी कुणी सांगत नाही. तीन तास बस बदलत यायचं आणि इथे कळायचं. रडत माझ्या खिडकीशी आली. तिला पिवळा स्वेटर, तपकिरी स्कर्ट आणि सपाट बूट दिले, तिचे कपडे पिशवीत घालून खुंटीला लावले.

"साडेतीनला परत," मी म्हटलं. "प्रत्येक वस्तूवर नंबर आहे. हरवलीस तर मी तुझ्या घरी जेवायला येईन."

तेव्हा कुठे हसली.

माझा धंदा एवढाच. भाड्याचे कपडे, सामान सांभाळणं, आणि माते नावाच्या आमच्या कडू चहासाठी गरम पाणी. पाणी फुकट. शिपाईसुद्धा थर्मास घेऊन येतात, त्यांनाही देते. योलीला ते खपत नाही. "निदान थुंकून तरी देत जा," म्हणते. मी गरम पाणी मागणाऱ्याचा गणवेश बघत नाही. माझं आत कुणी नाही, कधी नव्हतं. मी दुकानदार बाई आहे, एवढंच.

बुधवार, ७ जून

माझ्या दुकानाला सवत आली. दहा पावलांवर मालिकावाल्यांनी खोटं दुकान उभं केलंय, कारण माझं दुकान म्हणे कॅमेऱ्यात दुकानासारखं दिसत नाही. माझ्या पत्र्याला गंज फुकट चढलाय, त्यांच्या प्लायवूडवर दोन रंगारी सकाळपासून गंज रंगवत होते.

मालिका तुरुंगाची आणि तिथून पळालेल्या माणसांची. सोमवार ते शुक्रवार माझे त्रेचाळीस कपडे त्यांच्याकडे, शनिवार-रविवार भेटीला येणाऱ्यांकडे, असा करार. रांगेसाठी आमच्याच चाळीस बायका रोजावर घेतल्यात. योली अर्थातच त्यांची पुढारी.

भोंग्यातून एक तरुण ओरडला, "बायांनो, रडा."

"का? कोण गेलं?" योलीने विचारलं.

"तुमचा मुलगा आत आहे."

"सहा वर्षं आहे, बाळा. रोज रडत बसले तर कोंबडी कोण भाजणार?"

रांग हसत सुटली. तो बिचारा समजावत राहिला की तुरुंगाबाहेरच्या बायका दुःखी असतात. दुःखी असतात, पण पहाटे पाचपासून चार तास उभं राहायचं तर दुःख किती वेळ पुरणार? रांगेत आम्ही वकिलांची लफडी चघळतो आणि कुणाच्या सुनेने काय केलं ते ऐकतो. शेवटी हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेच त्यांनी टिपून घेतलं. लोक बघतील आणि हळहळतील.

शुक्रवार, ९ जून

आज लेखकांपैकी एक आला, लाउतारो. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, बोलायला हळू. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. फुटपाथकडे बघून पहिला प्रश्न काय, तर इथलं अंजिराचं झाड कुठे गेलं. मी सांगितलं, मुळांनी फरशा उचलल्या म्हणून दहा वर्षांपूर्वी तोडलं. पोरगा अभ्यास करून आलाय. जुने फोटो पाहिले असतील.

माते दिला तर हातातून घेतला नाही. मी पेला फळीवर ठेवला, मग उचलला. शहरी असेल. पण प्यायला सगळा.

मंगळवार, १३ जून

लाउतारो तिसऱ्यांदा आला. "दोन्या एल्बा, त्या पळालेल्या माणसाचं सांगा ना. चिमण्याचं."

मी नाव घेतलं नव्हतं. पण त्याला चिमणा म्हणायचे हे वर्तमानपत्रातही आलं होतं बहुतेक. अंगाने लहानखुरा होता म्हणून चिमणा. आता चौदा वर्षं झाली, काय बिघडतं म्हणून सांगितलं.

पितृदिनाचा रविवार होता. पोराबाळांसकट तीनशे माणसं भेटीला, आणि दुपारी वीज गेली. चिमण्याच्या बायकोने माझ्याकडचे कपडे अंगावर दोन थर घालून नेले होते. वरचा थर, सपातांवर चढवलेल्या मोठ्या बुटांसकट, नवऱ्याला दिला. हातावर शिक्का बघून बाहेर सोडतात, तर तिच्या मनगटावरचा ओला शिक्का त्याने स्वतःच्या मनगटावर दाबून घेतला. अंधारात, बायकांच्या घोळक्यात, माझा स्कर्ट आणि माझे एकेचाळीस मापाचे बूट घालून तो फाटकाबाहेर आला.

आला तो सरळ माझ्या खिडकीशी. बसचे पैसे आणि त्याचे कपडे बायकोच्या पिशवीत, आणि पिशवी माझ्या खुंटीवर. डोक्याला रुमाल, रुमालाखाली दाढीचे खुंट. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही काय केलंत?" लाउतारोने विचारलं. फार सावकाश.

"पिशवी दिली. बाईमाणसाला म्हणावं तसं म्हटलं, सांभाळून जा, सेन्योरा."

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "आणि तो सापडला कसा?"

"बसथांब्यावर," मी म्हटलं. त्यापुढचं त्याला सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

शुक्रवार, १६ जून

आज स्वतःला दूरदर्शनवर पाहिल्यासारखं झालं. माझी भूमिका लेओनोर दुआर्ते करते आहे. एके काळची मोठी नटी. अजून पाठ अशी ताठ की मीच सरळ उभी राहिले. माझा नारिंगी स्वेटर तिच्या अंगात. पळालेला माणूस स्कर्ट घालून खोट्या दुकानाशी येतो आणि ती त्याच्याकडे पाहते, मागे चाळीस बायका माझे कपडे घालून रांगेत. इथे शूटिंग थांबलं. अर्धा प्रसंग झाला, सोमवार-मंगळवार सुट्टी, उरलेला बुधवारी.

ऊर भरून आला, लपवत नाही. बावीस वर्षांत या फुटपाथवर माझं कुणी काही टिपून घेतलं नव्हतं.

शनिवार, १७ जून

आज कागद फाटेल इतकं दाबून लिहितेय. भीतीने नाही, संतापाने.

लेओनोर एकटीच आली, गोड पावांचा पुडा घेऊन. बाई साधी आहे. माते घेत म्हणाली, "दोन्या एल्बा, एक विचारू? पोलिसांना फोन करताना तुम्ही आवाज बारीक केला होता की नेहमीसारखाच होता? मला खरं दिसायला हवंय."

"कसला फोन?"

तिने पानं पुढे केली. प्रसंगाचा दुसरा भाग. दुकानदारीण पिशवी देते, "सांभाळून जा, सेन्योरा" म्हणते, त्याची पाठ वळते आणि ती फोन उचलते. पुढे पोलीस, बंदुका, पळालेला माणूस रस्त्यावर पालथा. दुकानदारीण खिडकी लावून घेते.

लेओनोर माझं तोंड बघून पुडा तिथेच टाकून उठली.

मालिका दर बुधवारी लागते. आत प्रत्येक बराकीत बघतात, बाहेर रांगेतली प्रत्येक बाई घरी बघते. या फुटपाथवर चुगलखोर ठरलेल्या बाईकडे कुणी केसाची पिनसुद्धा ठेवणार नाही. ती फक्त कपडे देते म्हणून तिच्याकडे येत नाहीत हो, ती तोंड उघडत नाही म्हणून येतात. माझ्याकडे दुसरं आहे काय? कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी इथे एक रविवार काढून दाखवावा.

तशीच मिरेयाकडे गेले. ती गाडीत बसून सॅलड खात होती.

"दोन्या एल्बा, ही काल्पनिक गोष्ट आहे. तुमचं नाव कुठेच नाही."

"दुकान माझं, स्वेटर माझा, बोलणं माझं, आणि चुगली तेवढी काल्पनिक?"

"अर्धा प्रसंग घेऊन झालाय. आता एक अक्षर हलणार नाही. उरलेला भाग त्याला सांध्याला सांधा जुळायला हवा, तीच रांग, तेच कपडे. समजतंय ना तुम्हाला?"

समजलं. तिला वाटलं त्यापेक्षा जास्त समजलं.

रविवार, १८ जून

पितृदिन. रांग कोपऱ्यावरून वळून गेलेली. सगळ्यांच्या आधी योलीला सांगितलं. ती कोंबडीची पिशवी छातीशी धरून ऐकत राहिली.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "केला होतास फोन?"

सहा वर्षं दर रविवारची ओळख. तरी विचारावं लागलं तिला. मग रांगेतली बाकीची काय विचारतील?

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं. काय करायचं ते बोल."

बोलले. नऊ वाजता, लेओनोरकडे राहिलेला नारिंगी स्वेटर सोडून, बेचाळीस कपडे आत गेले. साडेतीनला बायका बाहेर आल्या, आपापल्या पिशव्या घेतल्या, आणि माझे कपडे अंगावर तसेच घेऊन बसमध्ये चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी वस्तू परत मागितली नाही. खुंट्या सगळ्या रिकाम्या. बघायला विचित्र वाटतं.

बुधवार, २१ जून

सकाळी सात. कॅमेरे लागले, खोट्या दुकानातला खोटा दिवा लागला, आणि बसमधून आमच्या चाळीस बायका उतरल्या. सगळ्या काळ्या कपड्यांत. काळे कोट, काळे रुमाल, योलीने तर दिराच्या दफनाला घेतलेले काळे बूट घातलेले. फाटकासमोर जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. आतून चार शिपाई बघायला बाहेर आले. या फाटकासमोर काळी रांग त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

भोंगेवाला तरुण हातातले शुक्रवारचे फोटो बघत होता, मग बायकांकडे, मग परत फोटोंकडे.

मिरेया धावत माझ्या खिडकीशी आली. "कपडे कुठे आहेत?"

"घरोघरी."

"करार आहे आपला."

"आहे. ही गोष्ट खोटी करायची नाही, एवढंच त्यात लिहायचं राहिलं. आणा नवीन कपडे. बेचाळीस, शुक्रवारचेच, त्याच रंगांचे आणि तितकेच विटलेले."

"एका दिवसाचं नुकसान किती असतं ठाऊक आहे?"

"तुमचं एका दिवसाचं. माझं बावीस वर्षांचं."

खोट्या दुकानातून लेओनोर बाहेर आली. माझा नारिंगी स्वेटर तिने शुक्रवारी गाडीत नेला होता, तेवढाच त्यांच्याकडे उरलेला. तो अंगातून काढून, घडी करून माझ्या फळीवर ठेवला आणि थंडीत कुडकुडत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. नटी आहे, कुठे उभं राहायचं ते तिला कळतं.

मी मिरेयाला म्हटलं, लिहिणाऱ्याला पाठवा. लाउतारो आला. मी दार उघडून त्याला आत घेतलं.

"कुणी लिहिलं ते?"

"मी."

"माझा माते पिऊन?"

"त्या दिवशी तुम्ही पोलिसालाही दिलात." आवाज हळूच, पण धार होती. "खिडकीशी उभा होता तो. तुम्ही त्याच्याशी हसत होतात. मी पाहिलं."

"कुठून पाहिलंस?"

"अंजिराच्या झाडाआडून."

अंजिराचं झाड दहा वर्षांपूर्वी गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. कपाळ तेच, चिमण्याचं. इतके दिवस समोर उभा होता आणि मला दिसलं नाही. माणसांचं माप डोळ्याने घेणारी म्हणून मी मिरवते.

"माझी पँट काळी होती," तो म्हणाला. "मला आत सोडेनात. तुम्ही हिरवी दिलीत, पायाशी दोनदा दुमडून. लहान मुलांकडून भाडं घेत नाही म्हणालात. बाहेर पडल्यावर आई-बाबा थांब्याकडे गेले, आणि मी ती परत करायला मागे फिरलो. बाईंनी विश्वासाने दिली म्हणून. तर तुम्ही खिडकीत, हसत. त्यानंतर पाच मिनिटांनी त्याच माणसाने बाबांना धरलं. दोन हिवाळ्यांनी फुप्फुसाने गेले ते, आतच."

"तो गरम पाणी मागत होता, लाउतारो. थर्मास भरून दिला. बाकी एक शब्द नाही."

"असं तुम्ही म्हणता."

मग चौदा वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, या वहीलाही नाही, ते सांगितलं. तेव्हा मी नंबर बुटांच्या टाचेवर घालायची, बाहेरून, लाल नेलपॉलिशने. माझी वस्तू लांबून ओळखू यावी म्हणून. फार अभिमान होता त्या नंबरांचा. चिमण्याने घाईत स्कर्ट बदलला नाही की बूट. तो पोलीस माझं पाणी घेऊन थांब्यावर माते पीत बसला, समोर एक बाई उभी, आणि टाचेवर लाल सदतीस. या भागातल्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक, एल्बाचे बूट फुटपाथ सोडून जात नाहीत. संध्याकाळी त्याने ते बूट माझ्या फळीवर आपटले आणि मजेत सगळं ऐकवलं. ओळखतेस का म्हणाला. मी म्हटलं, हे जानेवारीतच हरवलेत. तो हसला.

"मी धरून दिलं नाही त्याला," मी म्हटलं. "माझ्या नंबराने दिलं. त्याच रात्री सगळे नंबर खरवडले. आता आतल्या बाजूने घालते. हे लिही हवं तर. लिहायचंच असेल तर पूर्ण लिही, नंबरासकट."

तो आता खुर्चीत बसला. म्हणाला, "ते थांब्यावर का उभे होते, ठाऊक आहे? आधीची बस सोडली त्यांनी. माझ्यासाठी. मी पँट परत करायला गेलो होतो म्हणून."

म्हणजे हा पोरगाही चौदा वर्षं एक नंबर घेऊन फिरतोय.

मी माफी मागितली नाही, त्यानेही नाही. किटली उकळत होती ती दोघांनी संपवली. या वेळी त्याने पेला माझ्या हातातून घेतला. मग बाहेर जाऊन मिरेयाशी अर्धा तास भांडला. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण तो मान हलवत होता आणि मागे काळी रांग जागची हलली नव्हती.

शेवटी मिरेया आली. "कपडे कधी?"

"पानं कधी?" मी म्हटलं.

गुरुवार, २२ जून

पानं आली. दोनदा वाचली. एक शब्द बदलायला लावला, बाकी ठीक. योलीला फोन केला. उद्या कपडे येतील.

बुधवार, १६ ऑगस्ट

तो प्रसंग लागला. घरी एकटीने पाहिलं. लेओनोर पिशवी देते, फोनला हात लावत नाही. मग थांब्यावर लाल सदतीस दिसतो, पडदाभर. मग पोलीस बूट आपटतो आणि ती म्हणते, "हे जानेवारीतच हरवलेत." माझ्यापेक्षा चांगलं म्हणाली. मग एकटीच बसून टाचा खरवडते.

नंबर दाखव असं मीच सांगितलं होतं. आता रविवारी खिडकी उघडायची आहे. घाबरले आहे, हे लिहून ठेवते. उघडणार आहे, हेही लिहून ठेवते.

रविवार, २० ऑगस्ट

मुलांचा दिवस, रांगेत सगळीकडे पोरं. पाच वाजता खिडकी उघडली. योली पुढे. मागच्या सगळ्या गप्प, असं कधी होत नाही.

योलीने फळीवरचा एक बूट उचलला. टाच बघितली. मग आत हात घालून नंबर चाचपला.

"आतच घालतेस ना आता?"

"आत."

"मग धर." तिने फोन, चाव्या आणि लग्नाची अंगठी माझ्या हातात दिली. "आणि आज ते गुलाबी दे, पिवळ्यात मी आजारी दिसते. परत येईल ना म्हणून विचारू नकोस. जानेवारीतच हरवलंय."

रांग फुटली हसून. मग फोनांचा ढीग लागला, नेहमीचा.

दहाच्या सुमारास लाउतारो आला. आज त्याचं कुणी आत नाही, रांगेत उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी रांगेतूनच आला. त्याचा नंबर लागल्यावर खिशातून कागदात गुंडाळलेलं काही काढलं. हिरवी पँट. पायाशी अजून दुमडलेली. कमरेच्या पट्टीवर आतून माझ्याच हाताने बावन्न.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"चौदा वर्षं. साडेतीन म्हटलं होतं मी."

तो हसला आणि डोळे पुसायला लागला. मी पुसू दिले. मला बोलायचं होतं बरंच, पण त्याच्या मागे एक बाई उभी होती, आणि तिच्या हाताला धरून आठ वर्षांची मुलगी, काळ्या पँटमध्ये, फाटकावरून परत पाठवलेली, ओठ मुडपलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. मी पँट झटकली, खिडकीतून बाहेर वाकून तिच्या मापाला धरली आणि पायाशी आणखी एकदा दुमडली.

भाडं घेतलं नाही. बावन्न नंबर आत गेला. साडेतीनला परत आला.